गेटवरच्या काकांना, संध्याकाळी पळणाऱ्यांकडून

काका, सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या प्रभात रस्ता आणि भांडारकर रस्ता यांच्यामधल्या गल्ल्यांतून रोज संध्याकाळी पळणारे आम्ही काही जण. तुम्ही राखता त्या इमारतीच्या गेटवरून जाताना आमचा हात वर होतो, तुमचाही होतो, आणि तेवढ्यावरच भागतं. म्हणून हे पत्र. उघडं लिहितोय, कारण तुम्ही जे करता ते आजूबाजूच्या गेटवरच्यांनीही वाचावं. त्यात खर्च जवळजवळ नाही, डोकं मात्र आहे.

आधी रॅम्पचं. तळघरातून गाडी चढावर येते तेव्हा चालवणाऱ्याला समोर बॉनेट आणि आभाळच दिसतं. छोट्या गाडीतही त्याचे डोळे बंपरच्या सुमारे दोन मीटर मागे असतात, म्हणजे त्याला फुटपाथ दिसेपर्यंत गाडीचं नाक फुटपाथवर आलेलं असतं. किलोमीटरला सहा मिनिटं या बेतानं पळणारा माणूस सेकंदाला पावणेतीन मीटर जातो. चूक कुणाचीच नसते आणि थांबायला वेळही कुणाकडे नसतो. तुम्ही गाडी फुटपाथच्या अलीकडेच हातानं थोपवता आणि आम्हाला टॉर्चचा उजेड जमिनीवर फिरवून दाखवता. शिट्टी मारत नाही, हे फार बरं करता. शिट्टी ऐकली की माणूस मान वळवतो आणि पाय मात्र पुढेच पडत राहतात. (कानात इअरफोनची बोंडं घालून पळणाऱ्यांना ती ऐकूही येत नाही, तो आमचा गुन्हा.) टॉर्च तोंडावर मारली तर नंतर बराच वेळ अंधारातला खड्डा दिसत नाही; तुम्ही ती कधीच गुडघ्याच्या वर नेत नाही.

आता तुमची खरी करामत, गटाराच्या चेंबरची. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून आम्ही रस्त्याच्या उजव्या कडेनं पळतो, आणि चेंबरं नेमकी कडेलाच असतात. डांबराचे थर चढत जातात, झाकण होतं तिथेच राहतं. दोन-तीन इंचांचा खळगा तयार होतो. दिवसा तो काहीच वाटत नाही. रात्री पाऊल अर्धं कडेवर, अर्धं खळग्यात पडतं, तळवा आत वळतो आणि घोट्याची बाहेरची बाजू सुजते. झाकणच नसेल तर विचारायला नको. अशा वेळी लोक शेजारी दगड ठेवतात. तो डांबराच्याच रंगाचा, म्हणजे खड्ड्याच्या जोडीला अडखळायला आणखी एक वस्तू. तुम्ही छातीइतकी उंच फांदी उभी करता, पानं न काढता, आणि टोकाला तांदळाची पांढरी गोणी बांधता. लाल फडकं बांधायची आपल्याकडे पद्धत आहे, पण उजेड कमी झाला की डोळ्याला लाल रंग सगळ्यांत आधी काळा दिसायला लागतो. पांढरं शेवटपर्यंत दिसतं. पानांचा आणखी एक फायदा: वाऱ्यानं हलतात, आणि हलणारी गोष्ट नजरेच्या कोपऱ्यातही पकडली जाते.

जूनअखेरीस पुण्यात सूर्य सव्वासातला मावळतो, नोव्हेंबरअखेरीस सहाच्या आतच. साडेसहाला निघणाऱ्याला तोच रस्ता उन्हाळ्यात उजेडी आणि थंडीत काळोखी मिळतो. थंडीत ही गोणी किती कामाची, ते आम्हालाच माहीत.

झाडांचंही तुम्ही बघता. वर्षावृक्षाच्या शेंगा उन्हाळ्यात पडतात. चिरडल्या की आतला चिकट गर बुटाच्या तळाला बसतो, त्यावर पाडकामाच्या ट्रकमधून सांडलेली कच चिकटते आणि पुढच्या वळणावर बूट सरकतो. पिचकारीच्या झाडाची फुलं त्याहून घसरडी, भिजली की केळीच्या सालीसारखी. तुम्ही सहाच्या आधी खराटा फिरवता तो वळणाच्या आतल्या बाजूनं, पळणारा तिथूनच कापून जातो म्हणून. सप्तपर्णीखालचं मात्र झाडत नाही, तिची फुलं बारीक, पायाला काही करत नाहीत. ऑक्टोबरात तिथून जाताना वास इतका उग्र येतो की आमच्यातले निम्मे खूश असतात, निम्मे श्वास रोखून पळतात.

पावसाळ्यात गेटसमोरच्या पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, सावलीतल्या पट्ट्यात जास्त. त्यावर नुसतं पाणी मारून भागत नाही. तुम्ही कोरड्या दिवशी ब्लीचिंग पावडर पसरता, दहा-पंधरा मिनिटं ठेवता, खराट्यानं घासता आणि मग भरपूर पाण्यानं धुता, झाडाच्या आळ्यात ते पाणी जाऊ न देता. दुसऱ्या गेटवरच्यांना एकच सांगणं: घाई म्हणून त्यात संडास धुवायचं ॲसिड घालू नका, विषारी वायू सुटतो.

कुत्र्यांबद्दल तर तुमचे दुप्पट आभार. धावणारे पाय दिसले की कुत्रं मागे लागणारच. पण ते खाण्याची राखण करत असेल तर चावतंही. तुम्ही त्यांना खायला फुटपाथवर न घालता विजेच्या डीपीच्या मागच्या कोपऱ्यात घालता, आम्ही यायच्या आधी. आमच्याकडून आम्ही दहा-पंधरा मीटर अलीकडेच चालायला लागतो, डोळ्याला डोळा देत नाही, आणि पिल्लं व आई यांच्या मधून जात नाही. नव्या पळणाऱ्यांना हे तुम्हीच हात खाली-वर करून शिकवलंत.

माठाचं आणि त्यातल्या लांब दांड्याच्या ओगराळ्याचं काय लिहावं? एप्रिलच्या कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, शर्टावर मिठाच्या रेघा उमटल्यावर कळतं. दोन घोट पुरतात.

तुम्ही सुट्टीवर गावाला गेलात की बदलीवर येणाऱ्यांना यातलं फार थोडं माहीत असतं. वहीच्या शेवटच्या पानावर गाड्या, फांदी, खराटा आणि डीपीमागची जागा एवढं लिहून ठेवलंत तर आमची सोय होईल.

आपले,
संध्याकाळचे पळणारे

ता.क. दुसऱ्या खांबाजवळच्या फांदीवरची गोणी धुळीनं काळी झाली आहे. दोन नव्या पांढऱ्या गोण्या आणि सुतळी तुमच्या केबिनमधल्या खुर्चीखाली ठेवली आहे.