पुडीची जाहिरात छापता, मीटिंगचा पत्ताही छापा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘नवऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशी चौकट नेहमी असते. भाजीत मिसळा, चहात मिसळा, गुण नाही आला तर पैसे परत. आमच्या गावातल्या बाया ती चौकट कापून तांदळाच्या डब्यात जपून ठेवतात. आमच्या आळीतल्या एकीनं पार्सल बोलावलं आणि वरणात पुडी कालवली. नवरा त्यावर पिऊन आला अन् रात्रभर ओकला. अंग घामानं भिजलेलं, छाती अशी धडधडत होती की बाजूला बसलेल्याला दिसावी. पहाटे दवाखान्यात नेला तेव्हा डॉक्टरांनी पाकीट मागितलं. पाकिटावर आत काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं.

दारू सोडायला मदत करणारी डायसल्फिराम नावाची गोळी खरोखर असते. पण डॉक्टर ती माणसाला तपासून, त्याला सगळं सांगून देतात. ती पोटात असताना दारू घेतली तर बीपी एकदम उतरतो, जीवही जाऊ शकतो. म्हणजे नकळत द्यायची ती वस्तूच नाही. पुडीत तेच होतं की दुसरं काही, देव जाणे.

माझ्या घरचेही पीत होते. कापसाचा चुकारा हाती आला की दोन दिवस घरी येत नसत, पोळ्याच्या कराले तर विचारूच नका. माळ घालून झाली, पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ झाली. शेवटी रस्ता सापडला तो कृषी केंद्रात. मी बियाण्याच्या उधारीचं बोलायला गेले होते. तिथं हिशोब लिहिणारे भाऊ हळूच म्हणाले, “वहिनी, दादाले गुरुवारी घेऊन या. मीबी तसाच होतो.” आणि दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरते त्या शाळेचा पत्ता बिलाच्या मागे लिहून दिला.

घरचे आधी तयार नव्हते. आमचा वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा, म्हणजे कागदावर इथं पिणारा कोणी नाहीच! मोहाची नाल्याकाठी निघते, बाटली बाहेरून डिक्कीत येते, आणि ज्याला सोडायची आहे तोच घाबरतो. “तिथं नाव लिवलं अन् पोलीस आले तं?” हा त्यांचा पहिला सवाल. बंदी उठवा असं माझं म्हणणं मुळीच नाही, आम्ही बायांनीच मोहाच्या सडव्याचे मडके फोडलेत. पण बंदीच्या जिल्ह्यात ‘मी पितो’ हे तोंडातून काढणं जास्त जड जातं, हेही खरं.

ही मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, सगळे नुसतं ‘एए’ म्हणतात. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बोलत सावरले, तिथून हे सुरू झालं. रजिस्टर नाही, फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. त्या दिवशी ओपन मीटिंग होती, म्हणून मलाही बसू दिलं. चौथीच्या वर्गातले ठेंगणे बाक, त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसलेले मोठाले गडी. एक म्हातारे उठले, “मी एक मद्यपी आहे” म्हणाले आणि आपल्या लेकीच्या लग्नात मांडवात कसे पडले ते सांगितलं. कोणी हसलं नाही, कोणी सल्ला दिला नाही. माझ्या घरचे खाली फरशीकडे पाहत होते. घरी येताना एवढंच बोलले, “तो बुढा माहीच गोष्ट सांगत होता.”

एक मात्र सांगते. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हात कापतात, भास होतात, झटकेही येतात. तिथं आधी डॉक्टरच लागतो. मीटिंगमध्ये औषध मिळत नाही.

अडचण एसटीची. मीटिंग सुटते तोवर आमच्या गावची मुक्कामी गाडी निघून गेलेली असते. कृषी केंद्रातले भाऊच मोटरसायकलनं सोडून देतात. प्रत्येकाला असा भाऊ कुठून मिळणार?

आता मुद्द्याचं. पुडीवाल्याजवळ चौकटीचे पैसे आहेत. एए बाहेरच्या कोणाची देणगी घेत नाही, शेवटी डबा फिरतो त्यात सभासद टाकतील तेवढ्यावर खोलीभाडं आणि चहा. ते चौकट कुठून विकत घेतील? म्हणून आपण ‘आजचे कार्यक्रम’मध्ये कीर्तन आणि रक्तदान शिबिराच्या खाली तालुक्यातल्या मीटिंगचा वार, वेळ, जागा फुकट छापावी. बाजूला सरकारचे मोफत नंबर द्यावेत: व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६, जिथं रात्रीबेरात्रीही फोन लागतो आणि मराठीत बोलता येतं. आणि ती पुडीची चौकट घेण्याआधी जाहिरात विभागानं एकदा तरी विचारावं, आत काय आहे?

आमच्या मीटिंगचा पत्ता छापायला सभासदांनी हो म्हटलं आहे. तो वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे.

आपली,
एक वाचक, जि. वर्धा
(कृपया नाव-गाव छापू नये)