वस्तीतल्या मुलांच्या कहाण्या अर्ध्यावर थांबवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकासह बहुतेक मराठी वृत्तपत्रांत दोन-तीन दिवस झोपडपट्टीतील गुणवंत विद्यार्थ्यांच्या बातम्या येतात. आई धुणीभांडी करते, वडील रिक्षा चालवतात किंवा सकाळी मजूर नाक्यावर जाऊन उभे राहतात, घर दहा बाय दहाचे आणि तरीही मुलाने नव्वद टक्के मिळवले, असा त्यांतला मजकूर असतो. या बातम्या छापू नयेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. अशी कात्रणे आमच्या वस्तीत देवाच्या फोटोशेजारी चिकटवून ठेवली जातात, आणि ती पाहत धाकटी भावंडे अभ्यासाला बसतात. परंतु दिघ्यातील खाणीलगतच्या वस्तीत लहानाची मोठी झालेली आणि आज तिथल्याच मुलांना शिकवणारी शिक्षिका म्हणून मला वाटते, की या कहाण्या अर्ध्याच सांगितल्या जातात. जो अर्धा भाग गळतो, त्यातच वस्तीतले मूल कसे जगते आणि कशाने तरते याचे उत्तर असते.

दिघा हे नवी मुंबईचे ठाण्याकडील टोक. १९७० साली सिडको हे नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि खाडीपलीकडे नवे शहर उभे राहू लागले, तेव्हा त्या शहराला लागणारी खडी पारसिकच्या डोंगररांगेतील खाणींतून निघाली. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेली सोलापूर, मराठवाड्याकडची कितीतरी कुटुंबे या खाणींवर आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत कामाला लागली. माझे आईवडील त्यांतलेच. या कामगारांना खाणीत, कारखान्यात जागा होती, पण राहायला जागा कुठल्याच आराखड्यात नव्हती. म्हणून त्यांनी एमआयडीसीच्या, म्हणजे सरकारी औद्योगिक महामंडळाच्या, मोकळ्या भूखंडांवर, वनखात्याच्या उतारावर, नाल्याच्या काठावर खोल्या बांधल्या. वस्तीतल्या मुलाची कहाणी सांगताना वस्ती तिथे का आहे हे दोन ओळींतही सांगितले जात नाही, त्यामुळे गरिबी ही जणू त्या कुटुंबाला जडलेली एखादी खासगी व्याधी आहे, असा वाचकाचा समज होतो.

दुसरी गोष्ट मला अधिक सलते. या बातम्यांत मूल नेहमी एकटे असते. त्याची जिद्द, त्याची मेहनत, त्याचे यश. मी दहावी उत्तीर्ण झाले तेव्हा एका वृत्तपत्राने माझ्यावर चार ओळी छापल्या होत्या आणि त्यांत मी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला असे लिहिले होते. तसे काही झाले नव्हते. आमच्या घरात मीटर नव्हता हे खरे, पण शेजारच्या मावशींकडे होता. संध्याकाळी सात ते दहा त्या आपल्या खोलीतला एक कोपरा मला मोकळा करून देत, टीव्ही बंद ठेवत, आणि त्यांचा नवरा दुसऱ्या पाळीहून परतला की बाहेर कट्ट्यावर बसून जेवत असे. परीक्षेच्या फीचे पैसे आईच्या भिशीतून आले होते. त्या महिन्याची भिशी खरे तर दुसऱ्या एका बाईची होती, तिने आपला नंबर आईला दिला. किराणा दुकानदाराने तीन महिन्यांची उधारी मागितली नाही. यांतले एकही माणूस त्या चार ओळींत नव्हते. दिव्याचा खांब मात्र होता. ती बातमी वाचून मावशी काही बोलल्या नाहीत, पण मला अजूनही वाईट वाटते. वस्तीतले मूल वाढते ते असल्या देवाणघेवाणीवर, आणि तिचा हिशेब बायका तोंडपाठ ठेवतात. हे छापले गेले तर वाचकाला जिद्दीचे कौतुक करून पान उलटता येणार नाही. शेजारणीने जे दिले ते शहराने का दिले नाही, असे त्याला विचारावे लागेल.

शहराने काय दिले नाही, याची उदाहरणे साधी आहेत. नवी मुंबई महानगरपालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे आणि त्याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. तरीही एमआयडीसीचा शटडाऊन असला, म्हणजे तिच्याकडून येणारे पाणी बंद राहिले, की आमच्या भागातील मुली शाळेला दांडी मारून हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात. दांडी मुलांपेक्षा मुलींची अधिक पडते, हे कोणतेही हजेरीपत्रक दाखवील. रात्री सार्वजनिक शौचालयात जाताना मुली दोघी-तिघींनी मिळून जातात, आणि परीक्षेच्या दिवसांत उशिरापर्यंत जागताना पाणी कमी पितात. हे मला विद्यार्थिनींनी सांगितले आहे; बातमीदाराला त्या सांगणार नाहीत, आणि बातमीदाराने विचारलेही नसेल.

यापेक्षाही कमी लिहिले जाते ते कागदांबद्दल. आमच्याकडे प्रत्येक घरात एक जाड प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात रेशनकार्ड, विजेची जुनी बिले, मतदार यादीचा उतारा, झोपडीधारकाचा सरकारी फोटोपास असलाच तर तो, शाळा सोडल्याचे दाखले असे सारे जपलेले असते. पावसाळ्यापूर्वी ती पिशवी पोटमाळ्यावर जाते. झोपडी पुनर्वसनाला पात्र की अपात्र हे १ जानेवारी २००० किंवा, सशुल्क पुनर्वसनासाठी, १ जानेवारी २०११ या तारखेवर ठरते, आणि ते सिद्ध करणारा कागद भिजला तर डोक्यावरचे छप्पर जाऊ शकते, हे वस्तीतल्या पाचवीतल्या मुलाला ठाऊक असते. घरात वाचता येणारे तेच पहिले असल्यामुळे नोटीस वाचून दाखवणे, अर्ज भरणे, आईबरोबर कार्यालयात जाऊन साहेबांशी बोलणे हे काम त्याच्याकडे येते. दहा-अकरा वर्षांच्या मुलीने आपल्याच घरावर लागलेली नोटीस मोठ्याने वाचून वडिलांना तिचा अर्थ सांगणे, हे आमच्याकडे बालपणाचाच भाग आहे.

पुढे दहावी-बारावीनंतर राखीव जागेवरच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला आणि तो खरा असल्याचे वैधता प्रमाणपत्र हवे असते, तेव्हा या पिशवीचा खरा कस लागतो. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मागितला जातो. खाणीवर दगड फोडणाऱ्या वडार कुटुंबातील मुलाने १९६१ पूर्वीचा कागद आणायचा कुठून? आजोबा शाळेत गेले नाहीत, जमीन नव्हती म्हणून सातबारा नाही, आणि कुटुंब कामामागे गावोगाव फिरत होते. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या फिरस्तीत गेल्या म्हणून त्यांना सवलत दिली, त्यांच्याकडूनच एका जागी राहिल्याचा पुरावा मागायचा, हा अन्याय मला कधीच समजून घेता आलेला नाही. चांगले गुण मिळवूनही या एका कागदापायी प्रवेश हुकलेली मुले मी पाहिली आहेत. निकालाच्या दिवशी त्यांचे फोटो छापून आले होते. प्रवेश हुकला त्याची बातमी कोणी केली नाही.

मग जी मुले निकालाच्या दिवशी कुठल्याच बातमीत नसतात, त्यांचे काय? शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे ढोबळमानाने आठवीपर्यंत आहे. नववीत शाळा दूर जाते, खर्च वाढतो, आणि वर्गातली काही बाके रिकामी होतात. मुलगा कॅटरर्सकडे वाढपी म्हणून, भंगाराच्या दुकानात किंवा गाळ्यात पॅकिंगला लागतो. मुलगी आईच्या जागी घरकामाला जाऊ लागते, कारण आईचे गुडघे गेलेले असतात. काही जण व्हाइटनर हुंगायला लागतात, त्यांतले काही सुटतात, काही सुटत नाहीत. काही मात्र दोन-तीन वर्षांनी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसतात आणि ४२-४५ टक्क्यांनी उत्तीर्ण होतात. दिवसभर काम करून, रात्री जुनी गाइडे उघडून मिळवलेल्या त्या ४२ टक्क्यांमागची कहाणी मला नव्वद टक्क्यांच्या कहाणीइतकीच छापण्याजोगी वाटते, आणि वस्तीतल्या मुलांना ती अधिक उपयोगी पडेल, कारण त्यांतील बहुतेकांची वाट तिकडूनच जाते.

वस्तीचे नाव एरवी छापून येते ते दुर्घटनेत किंवा तोडकामात. जुलै २०२१ मध्ये कळव्याच्या घोलाईनगरात दरड कोसळून एकाच कुटुंबातील पाच जण गेले, तेव्हा दोन दिवस सगळे कॅमेरे डोंगरावर होते. त्या उतारावरील मुले पावसाळ्यात रात्री कशी झोपतात, हे त्यापूर्वी किंवा त्यानंतर कोणी विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिघ्यातील ९९ बेकायदा इमारती पाडण्याचा प्रश्न गाजला. झोपडीतून निघून कर्ज काढून, दागिने मोडून तिथे खोली घेतलेल्या कुटुंबांतील मुले माझ्या वर्गात होती. फसवले बिल्डरांनी आणि रस्त्यावर यायची वेळ आली या मुलांवर. इमारतींची संख्या सर्वांना पाठ झाली, पण त्या वर्षी सहामाही परीक्षा त्यांनी कुठे बसून दिली असेल, याची नोंद कुठेच नाही.

या कहाण्या सांगायच्या कोणी, हाही प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ठाण्यातच उपलब्ध आहे. दिवंगत नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून आणि समता विचार प्रसारक संस्थेच्या कामातून ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा राहिला. तिथे वस्त्यांमधली मुले स्वतःच्या जगण्यातून नाटिका बसवतात आणि स्वतःच त्या सादर करतात. हीच संस्था कठीण परिस्थितीत दहावी उत्तीर्ण होणाऱ्या मुलांचा एकलव्य म्हणून गौरव करते. मुलांच्या हाती सांगण्याची सूत्रे दिली, की दारू पिणाऱ्या बापाबद्दल ती राग आणि माया दोन्ही ठेवून बोलतात, वस्तीतली भांडणे लपवत नाहीत, आणि वस्तीत मजा असते हेही सांगतात. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला ही मजा दिसत नाही, कारण तो दुःख शोधायला आलेला असतो. गणपतीच्या दहा दिवसांत, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत, डोंगरातल्या पहिल्या पावसात आमच्या मुलांइतकी आनंदी मुले मला ठाणे किंवा वाशीच्या उंच इमारतींतही दिसलेली नाहीत, आणि हे मी गरिबीचे गोडवे गाण्यासाठी लिहीत नाही.

म्हणून आपणांस माझी विनंती आहे, की निकालाच्या आठवड्यापुरते न थांबता वर्षभर, महिन्यातून एकदा तरी, ठाणे आणि नवी मुंबईतील वस्त्यांत वाढलेल्यांचे स्वतःचे लेखन आपण छापावे. लोकमान्यनगर, कळवा, मुंब्रा, तुर्भे स्टोअर्स, इलठणपाडा अशा ठिकाणी लिहिती मुले-मुली आहेत. त्यांच्या भाषेवर संपादकीय संस्कार अवश्य करावेत, पण शिव्या सोडल्या तर शब्द त्यांचेच राहू द्यावेत. नावे छापायची की नाहीत हे त्यांनाच ठरवू द्यावे, कारण घरमालक आणि कामावरच्या मॅडमही वृत्तपत्र वाचतात. मुलांचे फोटो मोडक्या भिंतीपुढे उभे करून काढू नयेत. आणि प्रत्येक लेखासोबत त्या वस्तीत महापालिकेची अभ्यासिका आहे का, ती रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते आणि तिच्यात किती जणांना बसता येते, एवढी माहिती आपल्या बातमीदाराने स्वतः जाऊन द्यावी.

माझ्या काही माजी विद्यार्थ्यांनी असे लिहायला सुरुवात केली आहे. त्यांत १७ नंबरचा फॉर्म भरून उत्तीर्ण झालेला एक जण आहे, आणि वैधता प्रमाणपत्राअभावी प्रवेश गमावलेली एक मुलगी आहे. लेखन वहीत, हाताने केलेले आहे. आपण होकार कळवल्यास ते टंकलिखित करून आपल्याकडे पोहोचवण्याचे काम मी करीन.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका
दिघा, नवी मुंबई