उशिकूचा बुद्ध

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "एवढी मोठी मूर्ती म्हणजे नुसता बडेजाव." तिथे तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

जपानमधल्या उशिकू शहरातला हा अमिदा (म्हणजे अमिताभ) बुद्ध १९९३ साली पूर्ण झाला. चौथऱ्यासकट १२० मीटर! न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवी चौथरा धरूनही ९३च. त्यामुळे बडेजाव नाही असं मी म्हणणार नाही. जवळून पाहिलं की कांस्याच्या पत्र्यांचे सांधेसुद्धा दिसतात. आत पोलादी सांगाडा आहे.

पण आई, ही मूर्ती ज्याच्या स्मरणार्थ उभारली, तो शिनरान तुझ्या पसंतीचा निघेल. १३व्या शतकातला हा भिक्षू. लग्न केलं, मुलंबाळं झाली, आणि शेतकरी-कोळ्यांना सांगत राहिला की मोठी साधना जमत नसेल तर राहू दे, श्रद्धेने अमिदाचं नाम घ्या. याच भागात त्याने बरीच वर्षं काढली. आपल्या वारकऱ्यांत सहज खपला असता.

मूर्तीच्या पोटात जाता येतं. चपला काढून पिशवीत घ्यायच्या. पहिली खोली जवळजवळ काळोखी, उदबत्तीचा वास, वरून उजेडाची एकच तिरीप. वरच्या एका मजल्यावर भिंतभर लहान सोनेरी बुद्ध आहेत, हजारोंनी. सगळ्यांत उंचावर, म्हणजे ८५ मीटरवर, छातीशी अरुंद फटींसारख्या खिडक्या आहेत. हवा स्वच्छ असेल तर फुजी दिसतो म्हणतात. मला ढगच दिसले. खरं सांगू? तिथून बाहेर बघण्यात फारशी मजा नाही, कारण जे बघायचं त्याच्या तर आपण आत उभे!

मजा खाली बागेत. फुलांचे ताटवे, तळ्यात रंगीत मासे, पलीकडे ससे आणि खारी. शेजारी मोठं स्मशान आहे, पण उदास वाटत नाही. एक आजोबा थडग्याचा दगड ओल्या फडक्याने पुसत होते, कोपऱ्याकोपऱ्यातून, आपण देवघर पुसतो तसा. फुलं बदलली, उदबत्ती लावली, हात जोडले आणि पिशवी उचलून निघाले. मान वर करून मूर्तीकडे पाहिलंसुद्धा नाही.

आईच्या गुडघ्यांची काळजी नको, वर जायला लिफ्ट आहे. बागेत मात्र थोडं चालावं लागेल. स्टेशनवरून बसेस कमी, तेव्हा जाताना टॅक्सीच करू. एप्रिलमध्ये चेरी फुलते, तेव्हाच या. बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून कळवा, म्हणजे मी व्हिसाच्या कागदांना लागते.

तुमची,
मनू