गर्दी कॅज्युअल्टीत, अडलंय वॉर्डात

संपादक साहेब, नमस्कार.

कॅज्युअल्टीत गर्दी का होते विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, लोक सर्दी-तापाला पण तिकडेच धावतात. मलाही गेल्या महिन्यापर्यंत तेच वाटायचं. मग बाबांना रात्री दीडला धाप लागली, नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात नेलं (नाव नको, तिथली डॉक्टर पोरं स्वतःच झोपेला आलेली) आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत आम्ही कॅज्युअल्टीतच.

सिस्टरने आल्या आल्या ऑक्सिजन लावला, ईसीजी काढला, तीनच्या आत मोठे डॉक्टर बघून केसपेपरवर ॲडमिट असं लिहूनही गेले, म्हणजे कॅज्युअल्टीचं काम दीड तासात संपलं. पण वर बेड नाही. बाबा स्ट्रेचरवर, सिलेंडर पायाशी, स्टँड कमी म्हणून सलाईनची बाटली गॉजच्या पट्टीने खिडकीच्या गजाला बांधलेली. मोजलं तर नऊ स्ट्रेचरपैकी सहा आमच्यासारखेच, ॲडमिट झालेले पण खालीच अडकलेले. पहाटे बाइकवरून पडलेला एक मुलगा आला, त्याला बाकड्यावर बसवून टाके घातले.

अकराला न राहवून वर वॉर्डात गेलो तर एका बेडवर एक काका शर्ट-पँट घालून, पायात चपला, पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. म्हणाले, नऊच्या राउंडलाच सोडलंय मला, कागद नाही मिळालाय अजून. तो कागद म्हणजे डिस्चार्ज कार्ड, आणि ते लिहिणार इंटर्न म्हणजे शिकाऊ डॉक्टर, वॉर्डातली सगळी कामं उरकल्यावर, मग बिल, मग औषधं, महात्मा फुले योजनेतली केस असली तर योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राकडे फाइल. बाबांना संध्याकाळी मिळाला तो बेड त्याच काकांचा.

तापाचा पेशंट गोळ्या घेऊन अर्ध्या तासात घरी जातो हो, स्ट्रेचर अडवून नाही बसत. त्यांच्यासाठी दुपारी 2 ते रात्री 10 सरकारचा ‘आपला दवाखाना’ चालतो ते चांगलंच आहे, पण त्याने ही गर्दी हटणार नाही. ब्रिटनमध्ये 2004 पासून कॅज्युअल्टीतल्या पेशंटचा चार तासांत निकाल लावायचं टार्गेट आहे, तेही गेली कित्येक वर्षं गाठलं जात नाही, कारण तिथेही हेच, वरचे बेड सुटत नाहीत.

आपल्याकडे तर बेडच मुळात कमी. ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल पाडून नवीन बांधायला घेतलं तेव्हा बराच भार कळव्याच्या पालिका हॉस्पिटलातल्या 500 बेडांवर आला, आणि ऑगस्ट 2023 मध्ये तिथे एका दिवसात 18 पेशंट दगावले ते आपण वाचलंच. नवीन बिल्डिंगा होतील तेव्हा होतील, पण उद्या सोडायचा पेशंट डॉक्टरांना आज संध्याकाळीच माहीत असतो ना? मग कार्ड रात्रीच लिहून ठेवा, आणि सुटलेल्या पेशंटला कागद येईपर्यंत बसायला एक खोली द्या, खुर्च्या आणि पंखा असला तरी पुष्कळ. रविवारीही डिस्चार्ज द्या, नाहीतर सोमवारी परत तेच.

ठाणे आणि नवी मुंबई पालिकेने निदान रोज किती जण ॲडमिट होऊन खालीच थांबलेत तो आकडा तरी कॅज्युअल्टीच्या दारावर लिहावा, खडूने चालेल.

एक वाचक, ऐरोली