स्वतःहून सुमोटो?

संपादक महोदय,

सोमवारच्या अंकात पहिल्याच पानावर ‘उच्च न्यायालयाने स्वतःहून सुमोटो दखल घेतली’ असे छापून आले आहे. हे गाईचे गोमूत्र झाले. लॅटिन ‘सुओ मोटू’चा अर्थच मुळी ‘स्वतःहून’. कोणाचा अर्ज नाही, तक्रार नाही, तरी न्यायालय आपणहून हलले, एवढेच त्यात आहे.

आणि ‘मोटू’ बरे का, ‘मोटो’ नव्हे. हे मी बोलणी खाऊन शिकलो. न्यायालयात लघुलेखक म्हणून रुजू होऊन महिनाही झाला नव्हता. चार कार्बन लावून टंकलेला आदेश नेला, तर साहेबांनी एका ‘ओ’भोवती पेन्सिलीने गोल केला. “पहिल्याला ओ आहे म्हणून दुसऱ्यालाही लावलात ना?” अगदी तसेच झाले होते. विभक्ती दोन्हींची एकच, आपल्या तृतीयेसारखी. पण ‘मोटुस’ हे नाम वेगळ्या गणातले, म्हणून ‘मोटू’. सगळ्या प्रती ब्लेडने खरवडत बसलो. ‘सुओ’ मात्र आपल्या नात्यातला निघाला. संस्कृत ‘स्व’ आणि तो एकाच मुळाचे.

बरे, इंग्रजी न्यायालयीन भाषेत हा शब्द सगळीकडे चालतो असेही नाही. अमेरिकेतले न्यायाधीश याच अर्थाने ‘सुआ स्पाँटे’ म्हणतात. आपल्याकडे तर गंमतच आहे. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यात, कलम १५ मध्ये, ‘ऑन इट्स ओन मोशन’ असे सरळ इंग्रजी आहे. आणि सामान्य माणसाच्या हाती दिलेल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात, कार्यालयांनी होईल तेवढी माहिती कोणी मागण्याआधीच द्यावी असे सांगणाऱ्या कलम ४ मध्ये, लॅटिन!

याचिकेचे नावच तसे असेल, तर इलाज नाही. करोनाकाळात दावे-अपिलांच्या मुदती वाढवणारी सर्वोच्च न्यायालयातली २०२० ची ३ क्रमांकाची याचिका अशीच होती. तिथे लॅटिन छापा, पण नीट छापा. एरवी ‘आपणहून’ लिहिले तर जागाही फार लागत नाही.

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर परवा सूचना लागली: ‘सचिवांनी सुमोटो टाकी धुऊन घेतली आहे.’ शेजारच्या गुजराती भाभी मला विचारत होत्या, “भाऊ, आमच्यात मोटो म्हणजे मोठा. टाकी मोठी केली का?”

– एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक, सातारा