बासवाला नसताना रास्कल्स

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

बास (खालचे, जाड सूर) वाजवणारा मिळत नाही म्हणून रास्कल्स या अमेरिकन बँडची गाणी सोडू नका. त्यांच्याकडे तरी कुठे होता? १९६५ साली न्यू जर्सीत जमलेली ही चौकडी: फेलिक्स कॅव्हॅलिएरे ऑर्गनवर, एडी ब्रिगाटी गायला, जीन कॉर्निश गिटारवर, डिनो डॅनेली ड्रम्सवर. गोऱ्या पोरांनी गायलेलं कृष्णवर्णीयांचं सोल संगीत, म्हणून नाव पडलं ‘ब्लू-आइड सोल’.

कार्यक्रमात बास वाजवायचा फेलिक्सचा डावा पाय. हॅमंड बी-३ या त्याच्या ऑर्गनला खाली पायाने दाबायच्या २५ पट्ट्या, म्हणजे पेडल, असतात. उजवा पाय आवाज कमीजास्त करण्यात अडकलेला. त्यांचं ‘गुड लव्हिन’ (१९६६) सा-म-प-म असं फिरतं, म्हणजे पायाला तीनच स्वर. तू कीबोर्डवर बास डाव्या हाताने धरणार, तेव्हा उजवा हात मधल्या सप्तकाच्या वरच ठेव आणि दोन-तीन स्वरांवर भागव. खाली दाट कॉर्ड (एकदम दाबलेले बरेच स्वर) लावलीस की नुसती गिचमीड होते.

ऑर्गनला घुमारा येतो तो लेस्ली स्पीकरमुळे. त्यात वर भोंगा फिरतो, खाली ड्रम, म्हणजे पिंपासारखा भाग. संथ असताना मिनिटाला साधारण ४० फेरे, जलद केल्यावर ४००. हलका भोंगा लगेच वेग घेतो, जड ड्रम मागून रेंगाळत येतो. खरी गंमत त्या ओढाताणीत आहे. तुझ्या कीबोर्डवर दोघांचा वेग एकदम चढत असेल तर सेटिंग वेगळं कर. आणि वेगाचं बटण धृपदाच्या थोडं आधी दाब, समेवर दाबलंस तर उशीर झालेला असतो.

कुणी जुना अमेरिकन बी-३ स्वस्तात देऊ केला तर आधी मोटर बघ. ती ६० सायकलची (हर्ट्झची) असते, आपली वीज ५०, म्हणून ती हळू फिरते आणि सूर उतरतात. सा दाबलास की जवळपास खालचा धैवत वाजेल. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो, सायकल नाही!

‘ग्रूव्हिन’ (१९६७) ऐकून मात्र पायाचा बास शोधू नकोस. रेकॉर्डवर चक रेनी या बाहेरच्या वादकाची बास गिटार आहे. तिथे ड्रमसेटही नाही, कोंगा (हाताने वाजवायचा ढोल) आहे आणि पाखरांची किलबिल, तेव्हा तुमच्या ड्रमरला काठ्या खाली ठेवायला सांग. गाणाऱ्याला ‘यू अँड मी एंडलेसली’ मधलं ‘एंडलेसली’ सुटं म्हणायला लाव. लोकांना तिथे ‘अँड लेस्ली’ ऐकू येतं, आणि ही तिसरी कोण, असा प्रश्न पडतो.

तुझे,
बाबा