‘वॉटरप्रूफ’ म्हणजे नेमकं किती वेळ?

महोदय,

चिपळूणमध्ये मी बारा वर्षं पार्लर चालवते. यंदा मे महिन्यात एका नवरीला ‘वॉटरप्रूफ’ छापलेलं नवंकोरं काजळ लावलं. अंतरपाट धरायच्या आतच ते डोळ्यांखाली उतरलं. तिच्या आईने विचारलं, “ताई, हे पाण्याने जात नाही म्हणाला होतात ना?” मला फार वाईट वाटलं.

त्या रात्री मी पार्लरमधल्या पाच ‘वॉटरप्रूफ’ काजळांच्या रेघा मनगटाच्या आतल्या बाजूला ओढल्या, दहा मिनिटं सुकू दिल्या आणि हात नळाखाली धरला. चार रेघा जशाच्या तशा राहिल्या, एक जरा फिकटली. मग बोटावर खोबरेल तेलाचा थेंब घेऊन फिरवला. पाचही रेघा पहिल्याच फेऱ्यात फिसकटल्या!

या काजळात मेण असतं, काहींत पातळ पापुद्रा धरणारे घटक असतात. त्यावर पाणी टिकत नाही, पण तेलात ते विरघळतं. आणि पापण्यांच्या कडेला तर तेलाच्या ग्रंथीच असतात. अश्रूंवरही तेलाचा पातळ थर असतो. त्यात आपल्याकडचा मे महिना, घाम आणि चेहऱ्याचं तेल एकत्र. नळाखाली टिकलेलं काजळ डोळ्यात टिकेलच असं नाही, ते यामुळे. (हे काजळ साबणाने खसाखसा घासून काढू नका, तेलाचा कापूस पुरतो, हे मी प्रत्येक मुलीला सांगते.)

सनस्क्रीनवर ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘स्वेटप्रूफ’ हे शब्द छापायला अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने) 2011च्या नियमांत मनाई केली. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणायचं तर 40 की 80 मिनिटं, ते लिहावंच लागतं. त्यासाठी माणसांना वीस-वीस मिनिटं हलत्या पाण्यात ठेवून, मग उन्हापासूनचं संरक्षण किती उरलं ते मोजतात. काजळ-मस्काऱ्याला मात्र तिथला हा नियम लागू नाही.

आपल्या 2020च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही दिशाभूल करणाऱ्या दाव्यांना बंदी आहे. पण वेष्टनावर वेळच नसेल तर दावा खोटा ठरला हे गिऱ्हाइकाने दाखवायचं कसं? किती मिनिटं, आणि चाचणी नुसत्या पाण्यात केली की घाम आणि तेल लावूनही, एवढं काजळ, मस्कारा, आयलायनरच्या वेष्टनावर मराठीत-हिंदीत छापणं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सक्तीचं करावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

– एक पार्लरचालक, चिपळूण